बाळंतिणीची भाजी

१ एप्रिल
रिटायर झाल्यापासूनचा सगळ्यात मोठा निर्णय आज घेतला. लेकीला, अक्षूला सातवा महिना सरला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्यातली रीत. तिची आई गिरजा असती तर तिनं सगळं बघितलं असतं. ती गेली म्हणून रीत काय थांबत नाही. मी आहे.
प्लॅन असा. मागच्या परसात भाजी. मेथी, शेपू, माठ, दुधी. सगळं घरचं, औषध न मारलेलं. स्वयंपाक मीच शिकणार. साधा, अंगी लागणारा, उन्हाळ्यात पोटाला थंड. कंपनीत सुपरवायझर होतो, आख्खी शिफ्ट सांभाळली. एक वाफा आणि एक बाळंतीण म्हणजे काय!
उद्यापासून पाचला उठणे.

२ एप्रिल, सकाळी साडेनऊ
उठलो. अंगमेहनतीआधी झोप पूर्ण हवी, असं शेतीच्या व्हिडिओत सांगतात.

५ एप्रिल
वाफा खणला. अर्धा. पाठ धरली.
शेजारच्या जनाबाई कुंपणापलीकडून बघत उभ्या. म्हणाल्या, मेथी नका टाकू आता, उन्हानं जळंल. जनाबाईंना शेडनेट माहीत नाही.

६ एप्रिल
शेडनेट आणायला शहापूरला गेलो. दुकान बंद. वडापाव खाल्ला. बाहेरचं खाणं उद्यापासून बंद म्हणून आणखी एक खाल्ला.
नेटची सोय घरातच निघाली. ट्रंकेत गिरजाची हिरवी साडी पडून होती. वाफ्यावर चार बांबूंना बांधली. खाली मस्त गार सावली. आता ऊन काय करणार?

११ एप्रिल
आज आंबील. नाचणीचं पीठ ताकात भिजवायचं आणि शिजवायचं, एवढंच. शिजवता शिजवता अक्षूला फोन लावला, किती सोपं आहे ते सांगायला. तोवर गुठळ्या झाल्या, तळाला करपली. पौष्टिक पदार्थ दिसायला असेच असतात. अर्धी वाटी खाल्ली. मग भूक लागली म्हणून नाक्यावर गेलो. मिसळ.
अक्षूला विचारलं, कधी येतेस. म्हणाली, बघू आबा. म्हणजे येणार.

१५ एप्रिल
मेथी उगवली!! अक्षूला व्हिडिओ कॉल केला. मी कोंब दाखवतोय आणि ती वरच बघतेय. विचारलं, ती आईची साडी ना? म्हटलं, हो गो, बघ कशी कामाला आली. तेवढ्यात कॉल कट झाला.
तिच्या सासरी मुरबाडला रेंजचा फार प्रॉब्लेम आहे.

२४ एप्रिल
मेथी पिवळी पडली होती, आज गेली. मुळं जमिनीत राहिली, म्हणजे खतच. माठ मात्र तरारलाय. बाळंतिणीला खरा माठच चांगला असतो.
जावयाचा फोन आला. प्रज्वल म्हणाला, डॉक्टरांनी एवढ्या लांबचा प्रवास नको म्हटलंय. पोरगा चांगला आहे, पण भित्रा.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया
मुहूर्तावर दुधी आणि पडवळाची आळी केली. जनाबाईंनी विचारलं, ही भाजी कुणासाठी? अक्षूसाठी म्हटलं. त्या म्हणाल्या, वेलाला दुधी धरायचा तो जुलैत, पोरगी तर मे सरता बाळंत होईल.
हा हिशेब माझ्या लक्षात आला नव्हता असं नाही. बाळंतपण म्हणजे काय एक दिवसाचं काम? राहील की चार महिने. पोर रांगायला लागेपर्यंत राहील.

७ मे
जनाबाईंच्या शेळीनं माठ खाल्ला. मी घरात पंख्याखाली होतो. बाहेर आलो तर एका कोपऱ्यातला तेवढा राहिलेला. जनाबाई फार ओशाळल्या. मी म्हटलं, असू द्या. शेळी फार चोखंदळ असते, औषध मारलेल्या पाल्याला तोंड लावत नाही. आपला माल पास झाला.

११ मे
विहीणबाईंचा फोन. संजीवनीबाई बोलायला फार गोड. म्हणाल्या, बाळंतपण आमी इथंच करतो, तुमी कायएक काळजी करू नका. मला सगळं कळलं. पोरीला यायचंय, ही माणसं सोडत नाहीत. अक्षू बिचारी सासरी तोंड उघडणार नाही.
आता स्वतः जाऊन घेऊन यायचं. नाचणीचे लाडू करायला घेतले. वळेनात. भुगाच डब्यात भरला. दुधात घालून खाता येतो.

१४ मे, संध्याकाळी
मुरबाडला जाऊन आलो.
सकाळच्या एसटीनं निघालो. सोबत भुग्याचा डबा आणि माठाची जुडी. एसटीत जुडी पार सुकली. पोचलो तेव्हा घामाघूम. दारातूनच हाक मारली, अक्षू, पाणी आण गो. लगेच आणलं. मग चहा टाकला. साखर कमी होती, पुन्हा आत जाऊन घेऊन आली. पोट केवढं पुढं आलंय, पण अजून किती चपळ! जेवायलाही तिनंच वाढलं. विहीणबाई म्हणत होत्या, तू बस, मी वाढते. अक्षू म्हणाली, आबांना कसं लागतं ते मला ठावं.
जेवण झाल्यावर मी विषय काढला. विहीणबाईंसमोरच काढला, मी घाबरत नाही. म्हटलं, बॅग भर, आपण दुपारच्या गाडीनं निघू, पोरीला अडवायचा हक्क कुणाला नाही.
अक्षू म्हणाली, आबा, मला कोणी अडवलं नाय. मलाच नाय यायचं.
मी म्हटलं, असं कसं, माहेर आहे तुझं.
ती म्हणाली, माहेर आई होती तवर होतं. आता आले तर माझं कोण बघंल? ओली बाळंतीण मी, आणि तुमचा चहा मीच टाकणार. पाणी मीच देणार. आता पण बघा ना, आल्यापासून मी बसलेय का?
विहीणबाई उठून आत गेल्या.
मी सांगितलं, मी स्वयंपाक शिकलोय, भाजी लावलीय. ती म्हणाली, ठावं हाय आबा. तुमी रोज फोन करून सांगता. माझी तब्येत कशी हाय ते एकदा तरी विचारलंत?
हे तिचं चुकतंय. तब्येत चांगलीच असणार, म्हणून विचारलं नाही.
मग तिला रडू आलं. मग म्हणाली, जाऊ द्या, ताक घेता का. घेतलं. ताक फार छान होतं.
या दिवसांत बायकांचं मन हळवं होतं, असं ऐकलंय. येईल. आठ दिवसांत फोन येईल.

२० मे
तिची खोली झाडली. जनाबाईंकडून पाळणा मागून आणला, आढ्याला बांधला. हलवून बघितला. करकरतो. तेल घातलं. जनाबाई बघत होत्या. मीच म्हटलं, आयत्या वेळी धावपळ नको.

२३ मे
दुधीचे वेल दीड हात झाले. फोन नाही. मीही केला नाही. तिला विचार करायला वेळ द्यायला हवा. दुपारी कुकर लावला, शिट्टी होईना. झाकणाची रिंग लावायची राहिली होती. नाक्यावर जेवलो.

२७ मे
सकाळी प्रज्वलचा फोन. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. परवापासून दवाखान्यात होते म्हणे. मी विचारलं, मला आधी का नाही कळवलं. तो म्हणाला, धावपळीत राहिलं, आबा. खरं असेल. पहिल्या वेळी धावपळ होतेच.
जनाबाईंना पेढे दिले. त्यांनी विचारलं, पोर कोणासारखी हाय? विचारायचं राहिलं.

७ जून
बारसं. मुरबाडला सगळा गोतावळा होता. मी बाळाला अंगडं नेलं, मोठं झालं. सगळे म्हणाले, असू दे, पोर वाढंल. बाळ मांडीवर दिलं. हात कसे धरायचे ते विहीणबाईंनी दाखवलं, मग जरा वेळानं परत घेतलं. नाव आर्या ठेवलं. आत्यानं ठेवलं.
निघताना विहीणबाईंनी जेवणाचा डबा दिला. मी नको म्हणत होतो. आतल्या खोलीतून अक्षूचा आवाज आला, आबांना भात मऊ लागतो, खालचा द्या. आणि लोणचं वेगळं बांधा, भाताला लागलं तर ते खायचे नाय.
आत जाऊन तिचा निरोप घ्यायचा होता. पण ती बाळाला पाजत होती, दार लोटलेलं होतं. बाहेरूनच म्हटलं, निघतो गो. बरं म्हणाली.
भात, वरण, दुधीची भाजी, वेगळं लोणचं. घरी आणून रात्रीला ठेवायचं ठरवलं होतं. एसटीतच खाल्लं. भात मऊ होता.
डबा घासून ठेवलाय. परत द्यायला जावं लागेल. कधी या, ते कोणी बोललं नाही.