तिसरी खाच

१२ ऑक्टोबर, शनिवार

आज दुपारी चार वाजता सगळं बदललं. नेमका क्षण सांगतो. मी पिशवी खाली ठेवतो न ठेवतो तोच डर्वलाने नारळाएवढं एक शलगम माझ्या छातीवर दाबलं आणि म्हणाली, आलास ना, मग खांबासारखा उभा काय राहतोस, चमचा घे आणि कोरायला लाग. आईचे सुस्कारे, वडिलांचा अबोला, अर्धवट सोडलेलं कॉलेज, सगळं तिथल्या तिथे फिटलं.

ऑगस्टमध्ये गॉलवेला एका लग्नात तिच्याबरोबर दोनदा नाचलो. सप्टेंबरात कॉलेज सोडलं. ती बॅलिना गावात ज्या घरात राहते तिथली एक खोली रिकामी आहे, हे कळल्यावर माणसाने काय करायचं? नदीपलीकडच्या मासे साफ करायच्या कारखान्यात काम धरलं आणि आलो.

घर छान आहे. चार खोल्या, स्वयंपाकघर एक, न्हाणी एक. दारांवर आकडे नाहीत, चौकटीत खाचा पाडल्या आहेत. एक खाच घरमालकीण टॅनियनबाईंची, वय सत्तर, आवाज विशीतला. दोन खाचा लॉर्कनच्या. तो छपरं दुरुस्त करतो आणि हसला की टूथपेस्टच्या जाहिरातीसारखा दिसतो. तीन खाचा माझ्या. चार डर्वलाच्या. म्हणजे आमच्यात फक्त एक भिंत. ती खोकली तरी मला ऐकू येतं. आज दोनदा खोकली.

१३ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर सजावट. हॅलोविन आला की या घरात भाडेकरू, मालकीण असा भेद राहत नाही, सगळ्यांनी राबायचं. जिन्याच्या कठड्याला गवताच्या पेंढ्या बांधल्या, दारावर जुन्या चादरीचं भूत टांगलं, तुळईला दोऱ्यांनी सफरचंदं लटकवली. लॉर्कनने भुताला टॅनियनबाईंचा परकर नेसवला. बाई म्हणाल्या, मेल्या, तुझ्यापेक्षा त्यालाच शोभतोय.

मग बाईंनी नवऱ्याच्या जुन्या टोपीतून चिठ्ठ्या काढायला लावल्या. या घराची रीत अशी: खिडकीत प्रत्येक माणसाचा एक कंदील, शलगमाचा. त्यावर त्याचा चेहरा, पण तो दुसऱ्याने कोरायचा. कोणी कोणाचा कोरला ते सणाच्या संध्याकाळपर्यंत सांगायचं नाही. बुडाला खोलीच्या खाचा पाडायच्या. त्या संध्याकाळी बाहेरून जे काही जातं ते खिडकीत बघतं, शलगमालाच माणूस समजतं, आणि वर्षाची कीड, दुखणं, सगळं त्या शलगमात टाकून पुढे जातं. म्हणून चेहरा मन स्वच्छ ठेवून कोरायचा. आणि कंदील उंबरठ्याबाहेर न्यायचा नाही. बाहेर गेला की त्याची खोली सुटते, मग तो ज्याच्या हातात त्याचा.

मी विचारलं, आणि मन स्वच्छ नसेल तर? बाई म्हणाल्या, तर उलटं होतं पोरा, शलगमाची कीड माणसात येते. लॉर्कन म्हणाला, प्रोफेसरसाहेब परीक्षेच्या तयारीला लागले, आता तरी पास व्हा. डर्वला खूप हसली. एवढं हसण्यासारखं काय होतं त्यात?

माझ्या चिठ्ठीत दोन खाचा निघाल्या. लॉर्कन.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

खरंतर नीट कोरणार होतो. पण कामावरून आलो तर हे दोघं ओट्याशी. त्याच्या नाकाला पीठ, आणि ती ते आपल्या बाहीने पुसत होती. हळूच. मला बघून म्हणाली, ये ना कोलम, चहा घे. चहा!

खोलीत गेलो आणि माशांची सुरी काढली. दोनच दिवसांत हात सराईत झालाय, पोट फाडायचं, आतलं एका ओढीत बाहेर. शलगमाचं तोंड या कानापासून त्या कानापर्यंत फाडलं. आधी दात कोरले, त्याचे ते पांढरेशुभ्र, मग टोकाने एकेक उपटून काढले. ओला पिवळा गर हातावर सांडत होता, कोबी कुजल्यासारखा वास. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

बुडाला दोन खाचा पाडून खिडकीत ठेवला.

१९ ऑक्टोबर, शनिवार

बाकीचे तीन कंदील सुकतायत, म्हाताऱ्यांसारखे सुरकुतलेत. माझा सुकत नाही. ओला होतोय. ओठांवर करडी लव उगवलीय आणि कोपऱ्यातून काहीतरी चिकट खाली ओघळलंय, नाकातून येतं तसं.

सकाळी लॉर्कनने लापशी खाता खाता चमचा थांबवला. तोंडातून काहीतरी काढलं. दाढ होती, मुळासकट, काळी. सगळ्यांनी आपापल्या वाट्या बाजूला सारल्या. तो हसायला गेला तर हिरड्यांतून वास आला. कारखान्यात मी दिवसाला चारशे मासे साफ करतो. असा वास कधी आला नव्हता.

मला हसू आलं. ते मी चहाच्या कपात लपवलं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

लॉर्कन अंथरुणाला खिळलाय. डॉक्टर म्हणाले हिरड्यांना संसर्ग आहे, गोळ्या दिल्या, आणि जाताना तीनदा हात धुतले.

डर्वला कामावर गेली नाही. त्याच्या उशाशी बसते, कोमट पाण्याने तोंड पुसते, त्या तोंडाला! भिंतीतून ऐकू येतं. म्हणते, उगी राजा, एक घोट घे, मी आहे ना.

राजा.

२३ ऑक्टोबर, बुधवार

त्याचं वाईटही वाटतंय. मघाशी तो रडत होता, एवढा सहा फुटी माणूस. पण खरं कारण ते नाही, आणि डायरीशी कसला खोटेपणा. माझ्या उशाशी ती कधी बसणार?

दुपारी घरात कोणी जागं नव्हतं. कंदील उचलला. बोटं आत रुतली, कढत भातात जावीत तशी. बुडाच्या दोन खाचांशेजारी सुरीने तिसरी पाडली.

झालं. आता तो माझा.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

लॉर्कन उठून बसला. उकडलेली अंडी खाल्ली, चार. सोमवारच्या सुटीला जोडून आईकडे जातो म्हणाला, कॅसलबारला, हॅलोविन तिथेच करीन. निघताना माझ्या पाठीत धपका घातला आणि म्हणाला, प्रोफेसर, घर सांभाळ.

आता ती आणि मी. माझी जीभ सकाळपासून लवदार लागतेय. ओल्या कांबळ्यासारखी.

२७ ऑक्टोबर, रविवार

दोन दात गेले. तिसरा हलतो. जिभेने ढकलला की मुळाशी काहीतरी वळवळतं. उशीवर करडे डाग. मी हाक मारली, डर्वला आली. दारापर्यंत. बाहीने नाक दाबून उभी राहिली, म्हणाली, कोलम, मला खूप वाईट वाटतंय रे, पण मला नाही सहन होत— आणि पळाली. न्हाणीत ओकण्याचा आवाज. भिंत पातळ आहे.

त्याचं तोंड पुसत होती. त्याचं चाललं.

२९ ऑक्टोबर

टॅनियनबाईंना सगळं सांगितलं. खाच बुजवता येईल का विचारलं. बाईंनी ॲप्रनला हात पुसले. मग म्हणाल्या, पाडलेली खाच बुजत नाही रे. लॉर्कन माझा नातू लागतो हे तुला ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी तू हेच केलं असतंस, कॉलेजबुडव्या. तरी रात्रभर पुरेल एवढी कांजी उशाशी ठेवून गेल्या. पिता आली नाही. कांजीत माझ्याच तोंडातलं काहीतरी पडलं. पांढरं. तरंगत नव्हतं— पोहत होतं.

३० ऑक्टोबर

आरसा उलटा केला.

कंदिलाच्या तोंडात अळ्या. माझ्या— नाही लिहिणार.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

अंधार पडतोय. कंदील लावले. बाईंनी मनुक्यांचा पाव कापला. त्यात अंगठी भाजलेली असते, ज्याच्या वाट्याला येईल त्याचं वर्षाच्या आत लग्न. मी घास चावला. अंगठी आली. तिच्यात अडकून दात आला. दोन्ही तळहातावर. डर्वला मोरीकडे धावली.

मग रीतीप्रमाणे कंदील उलटे करून कोणी कोणाचा कोरला ते सांगायचं. तीन खाचांचा नीटस कंदील पुढे आला. माझा खरा. तिरपं हसू, एक भुवई वर, त्या लग्नातला मी. डर्वला पाठ फिरवूनच बोलली. माझी चिठ्ठी तिला आली होती. तीन संध्याकाळी कोरत होती. लॉर्कन तिचा मामेभाऊ. म्हणाली, याच हसण्यावर भुलले होते रे गाढवा, तुझ्यासाठी खोली मीच अडवून ठेवली होती, आणि आता मला तुझ्याकडे बघवतसुद्धा नाही.

मामेभाऊ. मी कधी विचारलंच नाही.

मग बाईंनी तो सडका, मी कोरलेला, उलटा केला. तीन खाचा. आणि साल फुगून फुगून शेजारी एक चीर पडायला लागलीय. बारीक. आपोआप. चौथी.

डर्वलाने गालावर हात ठेवला. दाढ ठणकतेय म्हणाली. सकाळपासून.

बाईंनी उंबरठ्याकडे बघितलं—

नंतर. बाहेर

पायरीवर आहे. कंदील मांडीवर, डायरी गुडघ्यावर. दार मी ओढून घेतलं. आतून डर्वला ते वाजवतेय, बाई तिला धरून ठेवताहेत, मी इथून ओरडतोय, उघडू नका बाई, नका उघडू.

खोली सुटली. आता हा माझाच. चीर वाढली तरी तिची नाही.

खिडकीत तिने कोरलेला माझा चेहरा दिसतो. सगळे दात शाबूत. तिच्या कंदिलाला खेटून. दोघं उजळून निघालेत. शेवटी आमच्यात भिंत नाही.

मांडीवरचं ऊबदार आहे. गर पँटमधून झिरपतोय. तोंड उघडं— माझं की याचं—

फाटक वाजलं. कोणीतरी येतंय. ओल्या पावलांनी. खिडकीकडे बघतच नाही. सरळ माझ्या—