मामांची वाटणी

सोमवार
आले एकदाची! मामांचं घर मला नेहमीच आवडायचं; हवेशीर, खिडक्यांत ऊन, ओट्यावर घासूनपुसून पालथी घातलेली भांडी. मृत्युपत्रात वाटणीचं काम मामांनी माझ्या गळ्यात घातलंय, कारण त्यांच्या तिन्ही मुलांशी बोलणं असलेली मी एकटीच भाची. वकील म्हणाले, बाजू कुणाची घ्यायची नाही, ज्याचं त्याला पोचतं करायचं. आठवड्यात उरकेल.

बुधवार
ताईला आरामखुर्ची, धाकटीला कपाट, दादाला पलंग. तिघांचीही तोंडं वाकडी. ताई म्हणते, कपाट तिला कबूल केलं होतं. मामांच्या आजारपणात एकही फिरकलं नव्हतं, आता मात्र हक्क तोंडपाठ. हमालांबरोबर तीन घरांचे जिने चढले-उतरले. पायांचे तुकडे पडलेत.

शुक्रवार
ताईचा फोन. खुर्ची परत ने म्हणाली. का, तर खुर्ची खोकते. मामांसारखी, आधी कोरडं, मग घसा खाकरून. मी वैतागून म्हटलं, कपाट हवंय तर सरळ सांग ना. ती रडायलाच लागली.
धाकटीच्या कपाटात म्हणे कुणीतरी येरझाऱ्या घालतं. दादानं तर टेंपोतून पलंग आणला, दारात टाकला, चालता झाला. गादी हाताला गरम लागली.

रविवार
सगळं परत आलं. वकील म्हणतात, वारस नको म्हणत असतील तर तूर्त तुम्हीच सांभाळा. सांभाळतेय. सामान जिथल्या तिथे लावून घेतलं. इतकी दमलेय की घाबरायचंही त्राण नाही. दुपारी खुर्चीतून खोकला आला. मी उठून पाणी नेऊन ठेवलं — कुणासाठी?

सोमवार
पावलं कपाटाबाहेर आलीत. खोकला आता पावलांबरोबर फिरतो. तीन घरांत होते तोवर तुकडे होते. मीच एकत्र —

मंगळवार
दार उघडत नाही. तिघांनाही फोन केले. वाजतात नुसते.

बुधवार, सकाळ
पलंग करकरला. कुणी उठलं.
मामांचाच आवाज. दमलेला. विचारलं, मी कुणालाच नको का गं?
काय सांगणार? म्हटलं, मी आहे ना मामा, मी नेते तुम्हाला.
खांद्यावर हात आला. मग दुसरा. लहान मूल पाठुंगळी बसतं तसे गळ्याभोवती — जड — मामा, जरा उतरा, मला श्वास —