सुटलेला शब्द

४ जुलै

अडकलो! नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, तोवर मुख्याध्यापिकाबाईंनी वाचनालयाची किल्ली हातात ठेवलीसुद्धा. "चौथीची मुलं इंग्रजी बोलतात हो, पण लिहायला बसली की हातपाय गाळतात. तुम्ही जन्मभर प्रुफं तपासलीत. आठवड्यातून तीन दुपारी या." म्हटलं, बाई, मी शिक्षक नाही. "म्हणूनच तर!"

मुलगी फोनवर खूश. "बरं झालं बाबा, निदान औषधाच्या बाटल्यांवरच्या चुका काढणं थांबेल."

७ जुलै

टेबलं एवढी बुटकी की माझे गुडघे खाली मावत नाहीत. अकरा मुलं. बुटाच्या खोक्यात शब्दांच्या चिठ्ठ्या. सोमवारी दहा नवे, बुधवारी तेच पुन्हा, शुक्रवारी पंधरा दिवसांपूर्वीचे. अर्थ आणि स्पेलिंग दोन्ही आलं तर चिठ्ठी दुसऱ्या खोक्यात, नाहीतर परत पहिल्यात. 'नेबर' तीनदा परत आला. एकजण म्हणाला, "आजोबा, हा शेजारी फार त्रास देतो!"

हसलो. किती दिवसांनी!

११ जुलै

आजपासून नियम — चुका मी दाखवायच्या नाहीत. ज्याने त्याने आपल्या शोधायच्या. लिहिलेलं एक दिवस मिटून ठेवायचं. पुढच्या तासाला ओळीखाली पट्टी धरायची, शब्दाशब्दावर बोट, मोठ्याने वाचायचं. मग शेवटच्या वाक्यापासून उलटं वर यायचं. ही आमच्या धंद्यातली युक्ती. डोळा लबाड असतो, कागदावर नसलेला शब्दही वाचून मोकळा होतो. खुणेला हिरवी पेन्सिल. लाल नको.

गंमत अशी की शेजारच्याच्या वहीतल्या चुका सगळ्यांना पटापट दिसल्या! स्वतःच्या वहीत कुणालाच एकही नाही. एक मुलगी तर प्रत्येक चुकीची बाजू मांडते. "आजोबा, मी मुद्दामच तसं लिहिलंय." तिचं नाव आता वकील. दुसरी एक अगदी गप्प. लिहिते आणि खोडते, कागदाला भोकं पडेपर्यंत. तिला सगळे खोडरबर म्हणतात. रागावत नाही. तेही खोडून टाकते बहुतेक.

१२ जुलै

'नसलेला शब्दही वाचून मोकळा होतो' — हे का बोलून बसलो? दिवसभर तेच कानात.

१५ जुलै

लिहूनच टाकतो. ही वही कोण वाचणार आहे?

एकतीस वर्षं झाली. छापखान्यात फरशी धुण्याच्या एका जालीम द्रवाचं माहितीपत्रक आलं होतं. इंग्रजीत. त्यात एक ओळ — बंद खोलीत वापरू नका. छापून आलं तेव्हा 'नॉट' नव्हता. बंद खोलीत वापरा, असं झालं. एका वसतिगृहात मुकादमाने ते वाचून सफाईवाल्या बाईला सांगितलं, दार-खिडकी लावून घे आणि मग धू. ती न्हाणीघरातून बाहेर आली नाही. चौतीस वर्षांची होती.

पेपरात दोन इंच बातमी. त्या बातमीत शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. मी त्या मोजल्या! ती बाई गेली आणि मी ऱ्हस्व-दीर्घ मोजत बसलो.

कंपोझिटरच्या हातून अक्षरांचे खिळे जुळवताना शब्द सुटला, माझ्या नजरेतूनही सुटला. पण मी सही केलेलं प्रूफ सापडलं नाही. मालकांनी कंपोझिटरला काढलं. माझा मित्र तो. एका डब्यात जेवायचो आम्ही. मी गप्प राहिलो.

तेव्हापासून न्हाणीचं दार मी पूर्ण लावत नाही. बायको होती तोवर कुरकुरायची — अहो, घरात सून-जावई येतील, लाज नाही का! तिलाही कधी सांगितलं नाही.

१६ जुलै

गेलो नाही शाळेत. ताप आहे असं कळवलं. नव्हता.

२१ जुलै

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

गेल्या सोमवारी खोक्यात 'नॉट' आला होता — गाठ या अर्थाचा, ज्याच्या पुढे मुका 'के' लागतो. मुलांना मजा वाटली. बोलायचा नाही तर लिहायचा कशाला?

प्रत्येकाने आपल्या घरावर पाच वाक्यं लिहिली होती, ती आज तपासायची होती. खोडरबरने पट्टी धरून वाचलं, "माय डॉग डज... बाइट." मधे कागद पातळ झालेला, नुसती पांढरी जागा.

"तुझा कुत्रा चावतो?"

"नाही आजोबा! गरीब आहे तो."

"मग 'नॉट' कुठाय?"

पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं तिने. मग म्हणाली, "'के' लावायचा की नाही ते आठवेना. चूक नको म्हणून शब्दच काढून टाकला."

बाकीची हसली. मी टेबलाची कड धरून खाली बसलो. वकील धावत पाणी घेऊन आली.

मी एवढंच म्हणालो, "शब्द चुकला तर चालेल बाळा. काढायचा नाही."

२३ जुलै

ती पांढरी जागा आता सगळीकडे दिसते. पाट्यांवर, विजेच्या बिलावर, औषधाच्या वेष्टनावर. आधी 'नॉट' शोधतो, मग बाकीचं वाचतो. आणि त्या द्रवाचा वासही. घरात तसलं काही आणत नाही मी, तरी येतो.

२५ जुलै

वकील — "आजोबा, आमच्या चुका आम्ही शोधतो. तुमच्या कोण शोधतं?"

मुलं माझ्याकडे बघत होती. म्हटलं, माझा मीच. "मग सापडली का एखादी?"

घंटा वाजली म्हणून सुटलो.

२८ जुलै

त्याचा पत्ता छापखान्यातल्या जुन्या बाइंडरकडून मिळाला. दोन बसा बदलून गेलो. तिसरा मजला, जिना अरुंद. दार कंपोझिटरच्या मुलीने उघडलं. "काका? तुम्ही? या ना!" तिला मी फ्रॉकमध्ये पाहिलं होतं. केस पिकायला लागलेत.

तो खिडकीशी बसला होता. वाळून अर्धा झालाय. मला बघून एवढा आनंद झाला त्याला! "अरे ये, ये! मेलो की काय बघायला आलास?" छापखान्यानंतर एका गोदामात पुठ्ठे मोजायची नोकरी केली म्हणे. खिळ्यांना पुन्हा हात लावला नाही. कुणी दिलेच नाहीत.

मुलगी आत गेली तशी तोच म्हणाला, "माझ्यामुळे तुझंही नाव खराब झालं तेव्हा. माफ कर बाबा."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"मला आठवतं रे, मी तो शब्द लावला होता. पण सगळेच म्हणाले, नाही लावलास. मग मीच म्हटलं, नसेल लावला. बोटं माझीच ना. रोज सकाळी जाग आली की पडल्या पडल्या ती ओळ मनात जुळवतो. एकेक खिळा. रोज 'नॉट' लावतो आणि मगच उठतो."

मुलगी चहा घेऊन आली. मी प्यायलो. वर छान झालाय असंही म्हणालो!

२९ जुलै

काही नाही.

१ ऑगस्ट

आज खोडरबर आपणहून उभी राहिली. वही उघडी धरून. "माझ्यात चार चुका आहेत. चारही मला सापडल्या." एकेक वाचून दाखवली. कान लाल झाले होते, पण आवाज कापला नाही. पानावर एकही भोक नाही! तीन सुधारल्या होत्या. चौथी सांगून म्हणाली, "ही चूक आहे एवढं कळतंय. बरोबर काय ते अजून कळत नाही." मुलांनी टाळ्या वाजवल्या. वकीलने सगळ्यांत जोरात.

नऊ वर्षांची आहे ती.

२ ऑगस्ट

उद्या सकाळची बस.

३ ऑगस्ट

१५ तारखेला लिहिलंय ते चूक आहे. दुरुस्त करतो.

शब्द सुटला नव्हता. त्याने तो बरोबर लावला होता. खालच्या ओळीतला 'नॉट' काढायचा होता, आणि माझ्या लाल पेनाची काट एक ओळ वर पडली. त्याने मी सांगितलं तेच केलं. बातमी आली त्या दुपारी मी प्रूफ खणातून काढलं, घरी नेलं, जाळलं.

आज हे सगळं त्याच्यासमोर बसून सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. आपली दहा बोटं खिडकीच्या उजेडात धरून बघत राहिला. मग आत मुलीला हाक मारली, लहान मुलाच्या आवाजात —

"अगं ऐकलंस? मी नाही केलं ते."