राष्ट्रचिन्हाखालचा नोटरी

ला दिग बेट, ९ जुलै

प्रिय लेओंतीन,

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद. पर्थला आता थंडी पडली असेल आणि तुझे गुडघे बोलायला लागले असतील. लोकरीचे मोजे घालत जा, उगाच तरुण दिसायचा हट्ट करू नकोस. आन्सेल्म गेल्याचं तुझं पत्र फेब्रुवारीत मिळालं. त्याच्या नावाने मी चर्चमध्ये मिस्सा सांगितली. (पाद्रीबाबांनी नाव चुकीचं घेतलं. मी दुरुस्त केलं नाही.) माझी प्रकृती वयाला साजेशी आहे.

नोटरी अजून जिवंत आहे, हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तू पत्र अर्धवट टाकशील. पण नऊ दिवस त्याने तोंडात काही घेतलेलं नाही.

या सगळ्याला जबाबदार आहे आमची जिल्हा समिती, म्हणजे मार्सेलँ द्युबेल. माझा विद्यार्थी. तिसरीत असताना तो खडू खायचा, आता अध्यक्ष आहे. राष्ट्रदिनाला शाळेच्या मैदानावर जिवंत राष्ट्रचिन्ह उभं करायचं असं त्याच्या डोक्यात आलं आणि तो टोपी हातात घेऊन माझ्या ओट्यावर आला. "बाई, चिन्हात कासव आहे, आणि अख्ख्या बेटावर तुमच्या नोटरीइतकं रुबाबदार कासव नाही." मी म्हटलं, रुबाब कसला, बाबांनी रीतीप्रमाणे माझ्या जन्माला आणलेलं ते पिल्लू, माझ्या लग्नाच्या जेवणासाठी. तो म्हणतो, "हो ना बाई, आमंत्रणाची आम्ही अजून वाट बघतोय." बाहत्तर वर्षांच्या बाईशी ही भाषा! तरी मी हो म्हटलं, कारण चिन्हाचा अर्थ मुलांना समजावून सांगायला दुसरं कुणीच नव्हतं, आणि चुकीचं ऐकण्यापेक्षा मी स्वतः थकलेली बरी.

आता हे चिन्ह कसं उभं केलं ते ऐक. ढालीच्या दोन बाजूंना पाठीवर शीड असलेले दोन मासे असतात, ते आपल्या समुद्राचे पहारेकरी. ते खरेच हवेत असा हट्ट. कोळ्यांकडून दोन प्रचंड मासे आणले, बांबूंना उभे बांधले आणि बर्फ संपल्यावर कुणी पुन्हा आणला नाही. साडेदहापर्यंत पहारेकऱ्यांना असा वास सुटला की बँडवाल्यांनी आपणहून जागा बदलली. वर शिरस्त्राण असतं, तिथे मार्सेलँच्या मेहुण्याचं मोटारसायकलचं हेल्मेट ठेवलं. त्याच्या वर लांब शेपटीचा पांढरा समुद्रपक्षी. त्याला हात लावायला कायद्याने बंदी, म्हणून एक पांढरी कोंबडी बसवली आणि तिला मागे दोन रिबिनी शिवल्या. कोंबडीने राष्ट्रगीताच्या पहिल्या ओळीला हेल्मेटवर जे करायचं ते केलं आणि दुसऱ्या ओळीला उडाली. मी हसले नाही. (कॉन्व्हेंटमध्ये बारा वर्षं गालाचं आतलं मांस चावायला शिकवलं होतं, ते तिथे कामी आलं.)

मधोमध दर्याच्या नारळाचं झाड. खरं तोडता येत नाही, म्हणून साध्या माडाचं खोड रोवलं आणि त्याला वर खरा जोडनारळ बांधला. अठरा किलोचा, मासे पकडायच्या दोरीने, त्याच मेहुण्याने. झाडाखाली नोटरीला ठेवण्यात आलं. झाड म्हणजे ताकद, कासव म्हणजे दीर्घायुष्य, असं मी मुलांना सांगत होते. माझा "दीर्घायुष्य" हा शब्द झाला आणि अकरा वाजले.

अकरा वाजता नोटरी काय करतो ते तुला आठवतं. घरच्या नीरफणसाला पाठ घासतो, रोज, बाबा होते तेव्हापासून. त्याला समोर खोड दिसलं, त्याने पाठ लावली आणि अडीचशे किलोंचं अंग झोकून दिलं. दोरी सुटली.

आवाज मी सांगणार नाही. एवढंच, की पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांना वाटलं तोफेची सलामी झाली, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मुलं रडायला लागली. मागून म्हातारा तेओदोर ओरडला, "चला, कुणीतरी नारळाचं दूध काढा, मी मसाला घेऊन येतो!" आणि लेओंतीन, लोक हसले. मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. पाद्रीबाबा शेजारीच होते, त्यांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी माहे बेटावरून बोटीने जनावरांचा डॉक्टर आला. म्हणाला, कवचाचा तडा खोल आहे, खाली फुप्फुस असतं, वाचला तर शंभर वर्षं जगेल. होडी दुरुस्त करणाऱ्या फुल्जांसने होडीला लावतात तसला लेप तडा भरायला दिला, डॉक्टरने तो लावला. आता नोटरी उलट्या होडीसारखा दिसतो आणि नीरफणसाच्या बुंध्याकडे तोंड करून बसून राहतो. मी पपई कापून समोर ठेवते, संध्याकाळी मुंग्यांसकट उचलते.

आणि परवा मार्सेलँ पुन्हा आला. टोपी हातात. म्हणतो, नोटरीला समितीकडे द्या, कचेरीच्या फाटकापाशी काँक्रीटचं झाड करू, त्याखाली कायमचा ठेवू. मी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला.

तुझी मोठी बहीण,
युडोक्सी लादुसेर

ता. क. आन्सेल्मचा चष्मा फेकू नकोस. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आणखी एक ता. क. "ठेवण्यात आलं" असं मी वर लिहिलंय. सिस्टर पर्पेच्युआ असत्या तर त्यांनी त्याखाली लाल रेघ मारून कोणी, असं विचारलं असतं. मी. मार्सेलँने त्याला लांब, बदामाच्या सावलीत ठेवलं होतं. मीच सगळ्यांसमोर म्हटलं, चिन्हात कासव झाडाखाली असतं, गाढवा, तिथे ने त्याला. त्याने नेलं. त्याने हे अजून कुणालाही सांगितलेलं नाही, आणि त्यामुळे मला त्याचा जास्तच राग येतो.

शेवटचा ता. क. माझी प्रकृती वयाला साजेशी नाही. डॉक्टर ख्रिसमसच्या पुढचं काही बोलत नाहीत. कासवाच्या परवान्यावर घरातल्या माणसाचं नाव लागतं, नाहीतर तो समितीकडे जाईल, त्या काँक्रीटच्या झाडाखाली. आपल्या घरात तू सोडून कुणी उरलेलं नाही. तर तू ये. चौऱ्याहत्तर साली लग्न माझं ठरलं होतं, आन्सेल्म तुझा झाला, आणि म्हणून चुलीवर तुझं कासव गेलं, माझं राहिलं. नोटरीचा जीव तू वाचवलास, हे मी तुला कधीच सांगितलं नाही. तुझ्या लग्नाच्या दिवशी मी जेवले नाही असं तू पर्थभर सांगत आलीस. मी स्वयंपाकघरात उभ्याने दोनदा वाढून घेतलं होतं. नोटरी कुंपणातून बघत होता. आता नऊ दिवस तो माझ्या हातून काही घेत नाही, लेओंतीन. तुझ्या हातून घेतो का, ते बघायला तरी ये.