डोळ्यांखालचा थर

३ मार्च, सोमवार

टाके निघाले. डॉक्टर म्हणाले, छान बसलंय. आरशात बघितलं – डोळ्यांखालच्या पिशव्या गेल्या खऱ्या, पण त्यांच्या जागी जांभळट-पिवळे दोन पट्टे आलेत. डावी खालची पापणी ओढल्यासारखी दिसते, आतला लाल भाग उघडा पडलाय. हळूहळू उतरेल म्हणे. किती हळूहळू, विचारलं तर खांदे उडवले.

अजून चार दिवस लॉजवर. घरी सांगितलंय, कंपनीचं ट्रेनिंग आहे. बायकोने स्वतः बॅग भरून दिली. वर डोकेदुखीच्या गोळ्या.

५ मार्च, बुधवार

पडून पडून कंटाळा. हे का केलं ते एकदा लिहून टाकतो.

वय त्रेपन्न. सव्वीस वर्षं एकाच शोरूममध्ये फर्निचर विकतोय. जानेवारीत नवे मॅनेजर आले – माझ्या मुलीच्या वयाचे. सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, तुमचा चेहरा बघून गिऱ्हाइकालाच झोप येते. पलंगांच्या विभागात ठीक आहे, बाकी ठिकाणी काय करायचं?" सगळे हसले. मीही हसलो. त्याच आठवड्यात माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या सहकाऱ्याला गोदामात धाडलं. मग मी डॉक्टर शोधला.

७ मार्च, शुक्रवार

सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात गेलो. बायकोसाठी हवंय म्हटलं. काउंटरवरच्या बाईने माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि समजावायला लागली. आधी नारिंगी थर, त्याने जांभळं दबतं. वर कातडीच्या रंगाचा. घासायचं नाही, बोटाने थोपटायचं. रंग मात्र तिने माझ्याच मनगटावर लावून जुळवला.

पैसे देऊन वळलो तर म्हणाली, "बाईंना सांगा, टाक्यांची जागा ओली असेल तर हात लावू नका."

सांगतो म्हटलं.

८ मार्च, शनिवार

घरी आलो. बायको म्हणाली, तरतरीत दिसताय. ट्रेनिंग मानवलं!

१२ मार्च, बुधवार

तिच्या आधी उठतो, न्हाणीघराची कडी लावतो. नारिंगी, मग कातडीचा, मग पावडर. वीस मिनिटं. नळ चालू ठेवतो, म्हणजे शंका नको.

आज दोन कपाटं आणि एक जेवणाचं टेबल विकलं. मॅनेजर पाठीवर थाप मारून म्हणाले, काका, बदललात तुम्ही. इतकं बरं वाटलं की लिहायला लाज वाटते.

१७ मार्च, सोमवार

डावी बाजू चुरचुरते. सकाळी टाक्याच्या जागी पिवळा ठिपका होता. त्यावरच थर दिला. करणार काय, उघडा चेहरा घेऊन कुठे जाऊ?

डावा डोळा दिवसभर गळतो. पाण्याबरोबर रंगही खाली येतो. घाईत हाताला येईल त्याने पुसतो. बाही, कॉलर.

१९ मार्च, बुधवार

संध्याकाळी आलो तर बायको माझे तीन शर्ट पलंगावर पसरून बसलेली.

"हे कोणाचं?"

माझं. एवढाच शब्द होता. जीभ उचलली नाही. डोळ्यांसमोर आलं – ही हसेल, बहिणीला सांगेल, मुलीला फोन करेल. बाबांनी पिशव्या कापून घेतल्या, आता पावडर लावून कामाला जातात.

ती म्हणाली, शोरूममध्ये फोन केला होता. कसलंही ट्रेनिंग नव्हतं. "तेव्हा तिच्याबरोबर होता?"

मी खाली बघत राहिलो. तिने त्याचा अर्थ लावला. मी लावू दिला.

हे कसं लिहू? बाई ठेवल्याचा आळ मला सोसवला. रंगाची डबी दाखवणं नाही सोसवलं.

२० मार्च, गुरुवार

ती बहिणीकडे गेली. शर्ट धुऊन, घड्या घालून ठेवून गेली.

२४ मार्च, सोमवार

डॉक्टर चिडले. कच्च्या जखमेवर रोज थर दिलात, पू होणारच. पापणी आणखी खाली आलीय, कदाचित पुन्हा कापावी लागेल. तोवर हा डोळा पूर्ण मिटणार नाही, पाणी येत राहणार. तोंडाला काही लावायचं नाही.

तसाच कामावर गेलो. मॅनेजरनी एकदा बघितलं, नजर वळवली. दुपारनंतर गोदाम. तिथे खोक्यांवर नंबर टाकायचे. सहकारी म्हणाला, या, बसा.

२९ मार्च, शनिवार

मेहुणीकडे गेलो. ठरवून गेलो – सगळं खरं सांगायचं, हसली तर हसू दे.

दार बायकोनेच उघडलं. माझ्या सुजलेल्या, गळणाऱ्या डोळ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "किती रडलात हो."

मी तोंड उघडलं होतं. तिने पदराने माझा गाल पुसला. पाणी आणलं. कोण होती ते मला सांगू नका, म्हणाली, मला ऐकायचंच नाही. लगेच बॅग भरली. परतताना बसमध्ये माझा हात धरून बसली. मुलगी लहान असताना धरायची, तसा.

जे केलंच नाही, त्याची माफी मिळाली. उद्या सांगेन.

३० मार्च, रविवार

सकाळी चहा झाल्यावर तीच आधी बोलली. अकरा वर्षं मनात ठेवलेलं, म्हणाली, आता सांगता येईल. तेव्हाच्या तिच्या ऑफिसातला एक होता. दीड वर्ष. त्याची बदली झाली आणि संपलं.

"आता फिटलं आपलं," म्हणाली आणि उठून कपबश्या विसळायला लागली. गुणगुणत होती.

मी काहीच सांगितलेलं नाही.