समेटाची प्रत

३ मार्च
आजही मुलगा फाटकापाशी होता. कचेरीची बस आली की संपवाले सगळे पाठ फिरवतात — शिवी नाही, दगड नाही, नुसती पाठ. दोनशे पाठींतून मला त्याची बरोबर ओळखू येते. मान जराशी डावीकडे, थेट ह्यांच्यासारखी. संपाच्या पहिल्याच दिवशी तो मंडपात राहायला गेला. म्हणाला, तू रोज आत जातेस, मग तुझ्या घरी मी कुठल्या तोंडाने जेवू? तुझ्या घरी!

५ मार्च
साहेबांचं वार्षिक भाषण टाइप केलं. गाड्यांची विक्री कधी नव्हे एवढी, नफा दुप्पट. पुढच्याच पानावर — पगारवाढ परवडणार नाही. दोन्ही पानं एकाच टाचणीत लावली.

८ मार्च
कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात साठ मुलींत जेवताना वाटायचं, कधीतरी एकटीने शांतपणे जेवायला मिळावं. घ्या आता!

१२ मार्च
समेटाचा मसुदा साहेबांनी स्वतः आणून दिला. पगारवाढ जवळजवळ मागितली तेवढी. शेवटी एक कलम — चार जणांना परत घेणार नाही. नावं नाहीत, नुसते टोकन नंबर. तिसरा ह्यांचा. हे गेल्यावर मुलाला त्यांच्या जागी घेतलं, तेव्हा नंबरही तोच दिला. इथे तशी रीतच आहे.

युनियनच्या अध्यक्षांनी म्हणे मान्य केलंय. बाकीच्यांना उद्या सही झाल्यावर कळेल. "बाई, बाहेर एक शब्द जाता कामा नये," साहेब म्हणाले. मी मान हलवली. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. एकही चूक न करता प्रत काढून दिली.

संध्याकाळी बस फाटकापाशी बराच वेळ अडकली. उतरून सांगता आलं असतं. आज कळलं असतं तर पोरांनी उद्याची सही होऊ दिली नसती. तो पाठ करून उभा होता. मनात आलं — नोकरी गेली की जाईल कुठे? घरीच येईल.

आलं मनात. खोटं कशाला लिहू?

मी उतरले नाही.

१४ मार्च
आला. दोनदा वाढून घेतलं. मग खाली बघत विचारलं, "आई, तुला आधी माहीत होतं?"

नाही म्हणाले.

"वाटलंच. तू सांगितलं असतंस."