जॉर्जला उठवणारी हाक

लर्विक, शेटलंड
२४ एप्रिल, गुरुवार

बाबा,

आणि आयर्लंडचा संत पॅट्रिक तरी कुठे आयरिश होता? हे मला त्या दिवशी दारातच सुचायला हवं होतं. सुचलं बोटीत बसल्यावर, आणि तेव्हापासून वर्षभर तोंडात घोळवतोय. तुम्ही म्हणालात, संत जॉर्जने इंग्लंडचा किनारासुद्धा पाहिला नाही, त्याचा दिवस इंग्रजांनी कशाला पाळायचा. वर म्हणालात, खऱ्या इंग्रजाला स्वतःच्या वाढदिवसाचीही लाज वाटते, तो सण काय करणार. हे दुसरं मला पटलं. पहिलं नाही.

फोन तुम्ही उचलत नाही म्हणून पत्र. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, चष्मा लावून वाचा, नाहीतर आईकडून वाचून घ्या. तिचे मोजे पोचले म्हणावं. गुडघा कसा आहे तुमचा? मी ठीक. मासळीच्या कारखान्याला परांची बांधतोय. इथला वारा असा की कपातला चहा आडवा जातो. जेवण चांगलं आहे, पगार वेळेवर आहे, आणि माझं कुठेच मन लागत नाही ते इथेही लागत नाही, म्हणजे सगळं नेहमीसारखंच.

आता कालचं सांगतो.

आमचा मुकादम मर्डो, हायलँडचा स्कॉट. महिनाभर त्याने माझी सालं काढली. मार्चच्या पहिल्या तारखेला वेल्सच्या गड्याने त्यांच्या संताचा दिवस म्हणून छातीला पिवळं फूल लावलं. मग आयरिश पोरांनी पॅट्रिकच्या नावाने दोन दिवस धिंगाणा घातला आणि तिसऱ्या दिवशी कामावर झोपले. तेव्हापासून मर्डो मला रोज विचारायचा, "नॅट, पोरा, तुमच्या संताचं काय? का त्यालाही कुणाच्या तरी देशातून उचलून आणलात आणि कपाटात ठेवून विसरलात?" सगळे हसायचे. मीही हसायचो. आपण दुसरं काय करतो?

पण काल सकाळी गेओर्गे आला. हा आमचा रंगारी, रुमानियाचा, म्हणजे तिकडचा जॉर्जच. त्याच्या गावात तेवीस तारखेला दारावर हिरव्या फांद्या लावतात, आणि ज्याचं नाव जॉर्ज त्याच्या घरी सगळे जेवायला येतात. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, आज आपला दिवस, तुमच्याकडे काय काय करतात? मी म्हटलं, काही नाही. त्याचा चेहरा पडला. हळू आवाजात विचारलं, "घरात कुणी गेलंय का?"

बाबा, मी 'हो' म्हणणार होतो.

त्याऐवजी तोंडातून निघून गेलं की आमच्या हॉलोफर्डमध्ये नाटक होतं. गावाच्या मैदानात. माझा बाप जॉर्ज होतो. झालं. गेओर्गेने सगळ्या साइटवर दवंडी पिटली की दुपारच्या सुट्टीत इंग्रज नाटक करणार आहे. मर्डो म्हणाला, हे बघायला मी पगार कापून घ्यायलाही तयार आहे.

वेश केला तो असा. पांढरा रंगकामाचा डगला, त्यावर धोक्याच्या जागी लावतात ती लाल चिकटपट्टी, आडवी आणि उभी, म्हणजे इंग्लंडच्या झेंड्यावरचा जॉर्जचा क्रॉस. ढाल म्हणजे केकचा पत्रा. जॉर्जशी लढणारा तुर्की सरदार झाली मोराग, आमची स्वयंपाकीण. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच, आणि तिने तलवारीऐवजी सूपचा डाव घेतला. मेलेल्या जॉर्जला औषध पाजून उठवणारा डॉक्टर व्हायचं गेओर्गेने स्वतःच ठरवलं. त्याच्या आईने धाडलेली आलुबुखाराची दारू त्याच्याकडे आहे, ती तो औषध म्हणून देणार होता. मी म्हटलं, आमच्याकडे बाटलीत थंड चहा असतो. तो म्हणाला, म्हणूनच तुमचा सण बसला.

आणि शब्द? तुम्ही कधी लिहून दिले नाहीत, कुणाला लिहूही दिले नाहीत. पण रोज सकाळी दाढी करताना तुम्ही ते आरशाला ऐकवायचात आणि मी दाराबाहेर माझा नंबर लागायची वाट बघायचो. शाळेतलं काही राहिलं नाही, ते राहिलं. कॅन्टीनच्या मधोमध उभा राहिलो, पत्र्यावर मूठ आपटली आणि ओरडलो:

आलो मी जॉर्ज, वाट द्या जरा,
मरायचं असेल त्यांनी रांग धरा.

कॅन्टीन हसून फुटलं. रांगेवर तर मर्डोने टेबल बडवलं. म्हणाला, मरायलाही रांग! आता पटलं, हा संत खरंच इंग्रज आहे.

मग मोरागने मला मारलं. आपल्याकडे जॉर्ज आधी मरतो हे तिला सांगितलं होतं, हळू मार हे सांगायचं राहिलं. मी पडलो. तुमच्यासारखा, एक गुडघा, मग दुसरा, मग सपाट.

आणि पडल्यावर माझ्या लक्षात आलं की मी एक गोष्ट सांगितलीच नव्हती. जॉर्ज पडल्यावर बघणाऱ्यांनी डॉक्टरला हाक मारायची असते. नाटकातल्यांनी नाही. बघणाऱ्यांपैकी कुणी हाक मारेपर्यंत डॉक्टर जागचा हलत नाही आणि जॉर्ज उठत नाही. हॉलोफर्डमध्ये हे तान्ह्या पोरालाही माहीत असतं, म्हणून ते सांगायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. गेओर्गेला मी बजावलं होतं, हाक आल्याशिवाय यायचं नाही. तो बाटली घेऊन दाराशी उभा. मोराग डाव घेऊन माझ्या डोक्याशी उभी. आणि अख्खं कॅन्टीन गप्प, कारण त्यांना वाटलं की पुढचं आता आम्हीच करणार.

फरशी थंड होती, बाबा.

हे मला लिहायचं नव्हतं. पण त्या फरशीवर मला हॉलोफर्डचं गवत आठवलं. गेल्या वर्षी तुम्ही असेच पडलात आणि मी तुर्की सरदार होऊन तुमच्या डोक्याशी उभा होतो. बाहेरगावची ती पोरं दुपारपासून इंग्लंडचे झेंडे पांघरून प्यायली होती. बाहेरून येऊन आपल्या गावचे झालेल्या मिया काकांच्या हॉटेलसमोर उभं राहून, तुमच्या झग्यावर होता तोच क्रॉस अंगावर घेऊन, जा आपल्या देशात म्हणून ओरडत होती. काकांनी शटर ओढलं. आणि वीस वर्षं पहिली हाक त्यांचीच असायची. नदीपलीकडे ऐकू जाईल असा आवाज, त्यामागून सगळं गाव. त्या दिवशी पहिला आवाजच नाही, तर दुसरा कुठून येणार? जो तो दुसऱ्याकडे बघत राहिला. मला ओरडायचं होतं, पण सरदाराने ओरडायचं नसतं हे तुम्हीच शिकवलंत. शेवटी तुम्ही आपले आपण उठलात, गुडघे झटकलेत आणि घरी गेलात. आई म्हणाली, त्याच संध्याकाळी बसून तुम्ही झग्यावरचा लाल क्रॉस उसवलात. मी म्हटलं, चार दारुड्यांसाठी सण सोडायचा का? आणि तुम्ही जॉर्जच्या जन्मगावाची गोष्ट काढलीत. आपण दोघंही दुसऱ्याच कशावर भांडलो.

तर मी पडलेला. कुणी हूं का चूं करत नाही. मी ठरवलं की उठायचं नाही. आपण उठायचंच नाही. सुट्टी संपू दे, माझ्यावरून ताटं नेऊ देत.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मर्डो उभा राहिला होता. त्याला नाटक अडलंय हे कळलं होतं की मीच मेलोय असं वाटलं होतं, ते त्याने अजून कबूल केलेलं नाही. तो गरजला, "अरे डॉक्टरला बोलवा कुणीतरी! ह्या पोराला मला परत न्यायचंय परांचीवर!"

बाबा, मग सगळे ओरडले. आयरिश, वेल्सवाला, सगळे. डॉक्टर, डॉक्टर म्हणून काटे-चमचे टेबलावर आपटत. गेओर्गे धावत आला आणि अर्धी बाटली माझ्या घशात ओतली. मी उठलो ते नाटक म्हणून नाही, घशाला आग लागली म्हणून. मोरागला मी दुसऱ्या फेरीत लोळवलं आणि ती मरताना इतका वेळ मेली की सुट्टी दहा मिनिटं लांबली. मर्डो मला म्हणाला, "तुमच्या संतात दम आहे रे. फक्त त्याला उठवायला दुसरे लागतात."

मी म्हटलं, तेच तर नाटक आहे.

म्हणून सांगतो, करायचा की नाही हा दिवस, ह्याचं उत्तर जॉर्ज कुठला होता ह्यात नाही. त्याला किती देशांनी वाटून घेतलंय, आपणच एकटे म्हणतोय की आम्हाला नको. झेंडे पांघरलेल्या त्या पोरांनीही त्या दिवशी हाक मारली नव्हती. त्यांना नियमच ठाऊक नव्हता. मग सण त्यांचा कसा झाला? ज्यांना हाक मारायची ठाऊक आहे त्यांचा तो.

आज दुपारी मी मिया काकांना फोन केला. ते म्हणाले, तुझा बाप दर शुक्रवारी येतो, कोपऱ्यात बसतो, त्या संध्याकाळचं आम्ही दोघंही काढत नाही. वर म्हणाले, मला वाटतं, शटर ओढलं म्हणून त्याला माझा राग आहे. मी म्हटलं, त्याला वाटतं तुम्हाला त्याचा आहे. मग त्यांनीच मला शिकवलं की तेवीस तारीख ईस्टरच्या आठवड्यात आली की चर्च जॉर्जला पुढे सरकवतं. पाद्रीबाईंनी पाटी लावली आहे, यंदा सोमवारी, अठ्ठावीसला. म्हणजे तुमचा दिवस अजून गेलेला नाही.

त्यांचा निरोप जसाच्या तसा: "घसा गंजलाय माझा. पण शटर उघडं ठेवीन. त्याला म्हणावं, नीट पड."

शनिवारच्या बोटीने निघतोय, रविवारी संध्याकाळी घरी. मर्डो माझ्याबरोबर येतोय. इंग्रज फुकटात मरताना पुन्हा बघायचाय म्हणतो. त्याला माझ्या खोलीत झोपवा, मी स्वयंपाकघरात पडेन. आईला क्रॉस पुन्हा शिवायला सांगा, जुना जिथे होता तिथेच, टाक्यांची भोकं असतील अजून. तुम्ही फक्त पडा. मी डोक्याशी उभा असेन आणि नियमाप्रमाणे तोंड बंद ठेवीन.

तुमचा तुर्की सरदार,
नॅट

पाकिटात लाल कापडासाठी पस्तीस पौंड.